निःशस्त्र विमान, हुकमी तोफा : ६५६ स्क्वॉड्रनची कहाणी

युद्धातले विमान म्हटले की वेग, मशीनगन आणि बॉम्ब डोळ्यांपुढे येतात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलांवर फिरणाऱ्या ऑस्टर विमानाकडे यांतले काहीच नव्हते. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, १३० अश्वशक्तीचे इंजिन आणि ताशी जेमतेम २०० किलोमीटरचा वेग, एवढाच त्याचा संसार. आत एक वैमानिक, त्याच्या मांडीवर नकाशा आणि शेजारी बिनतारी संच. एखाद्या सैनिकाने खालून नेमकी गोळी झाडली, तरी ती कापड फाडून आरपार जावी, अशी ही नाजूक वस्तू.

तरीही हे विमान डोक्यावर घिरट्या घालू लागले की जपानी तोफा गप्प बसत. तोफ उडवली की धूर दिसतो, धूर दिसला की वर बसलेला माणूस नकाशावर बोट ठेवतो आणि पुढच्या काही मिनिटांत डोंगरापलीकडून गोळ्यांचा वर्षाव सुरू होतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. स्वतः एकही गोळी न झाडणाऱ्या या विमानांच्या एका पथकाचे नाव होते ६५६ एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट स्क्वॉड्रन. जनरल स्लिम यांच्या चौदाव्या सेनेसाठी ब्रह्मदेशच्या संपूर्ण आघाडीवर अशा प्रकारचे हे एकच पथक होते. युरोपात सर्वसाधारणपणे एका कोअरला एक स्क्वॉड्रन मिळे. इथे तीन कोअरना मिळून एक. या पथकाच्या वाटचालीत देवळालीचे माळरानही आहे, म्हणून मराठी वाचकाला ती थोडी अधिक जवळची वाटावी.

न दिसणाऱ्या लक्ष्याचा नेम

एकोणिसाव्या शतकाच्या मोठ्या भागात तोफ चालवणाऱ्याला आपले लक्ष्य समोर दिसत असे. पुढे तोफांचा पल्ला वाढला आणि उघड्यावर उभ्या असलेल्या तोफा शत्रूच्या माऱ्यात टिकेनाशा झाल्या. त्या टेकडीमागे, झाडीमागे लपल्या. त्यामुळे तोफ वाचली, पण आंधळी झाली. गोळा कुठे पडला हे सांगायला कोणीतरी पुढे, उंचावर बसणे भाग पडले. या जागेला ऑब्झर्व्हेशन पोस्ट, सैनिकांच्या बोलीत 'ओपी', म्हणतात. ओपीत बसलेला तोफखान्याचा अधिकारी दुर्बिणीतून पाहतो आणि तारेने किंवा बिनतारी संचाने मागच्या तोफांना दुरुस्ती सांगतो. गच्चीवरून पाहणाऱ्याने खालच्याला 'डावीकडे, अजून थोडे वर' असे सांगत झाडात अडकलेला पतंग काठीने काढून घ्यावा, तसाच हा प्रकार. फरक एवढाच, की इथे दोघांत दहा-बारा किलोमीटरचे अंतर असते आणि ते एकमेकांना दिसत नाहीत.

मैदान सपाट असेल, किंवा उंच जागा शत्रूच्या ताब्यात असेल, तर ओपी कुठे बसवायची? हवेत, हे उत्तर फार जुने आहे. फ्रेंच सैन्याने १७९४ मध्ये फ्लरुसच्या लढाईत दोराने बांधलेल्या फुग्यातून टेहळणी केली होती. पहिल्या महायुद्धात ते काम विमानाकडे आले. सप्टेंबर १९१४ मध्ये फ्रान्समधील एन नदीच्या लढाईत डॉनल्ड लुईस आणि बॅरन जेम्स या दोन ब्रिटिश लेफ्टनंटांनी विमानातून बिनतारी संदेश पाठवून तोफांचा नेम दुरुस्त केला. विमानातून फक्त मोर्सचे टिंब-रेघ पाठवता येत, उत्तर ऐकता येत नसे. खालचे लोक जमिनीवर पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या अंथरून उत्तर देत.

लुईस यांनी या कामासाठी एक सुटसुटीत पद्धत बसवली. लक्ष्य म्हणजे घड्याळाचा मध्य. बाराचा आकडा उत्तरेकडे. भोवती १० यार्डांपासून ५०० यार्डांपर्यंत कल्पित वर्तुळे आणि प्रत्येक वर्तुळाला एक अक्षर. गोळा लक्ष्याच्या पूर्वेला ५० यार्डांवर पडला, तर वैमानिकाने फक्त 'ए ३' एवढेच पाठवायचे. एक अक्षर, एक आकडा आणि तोफेला सगळे कळले. जेम्स १९१५ मध्ये आणि लुईस १९१६ मध्ये, दोघेही उड्डाण करीत असतानाच मारले गेले. त्यांची पद्धत मात्र पुढची दोन दशके ब्रिटिश वैमानिक शिकत राहिले.

हुकूम कोणी द्यायचा?

या पद्धतीत एक खोट होती. विमान उडवणारा माणूस हवाई दलाचा. त्याला तोफखान्याचे अंतरंग ठाऊक नव्हते आणि तोफांवर त्याचा अधिकारही चालत नव्हता. तो गोळा कुठे पडला ते कळवी. पुढे काय करायचे ते खालचा अधिकारी ठरवी. स्थिर खंदकांच्या युद्धात हे चालून गेले. धावत्या युद्धात हा विलंब परवडणारा नव्हता.

रॉयल आर्टिलरीतील कॅप्टन चार्ल्स बेझ्ली यांनी १९३० च्या दशकात याविरुद्ध मोहीमच उघडली. तोफखान्यातील हौशी वैमानिकांनी स्थापलेल्या रॉयल आर्टिलरी फ्लाइंग क्लबचे ते चिटणीस होते. त्यांचे म्हणणे सरळ होते. वैमानिकाला तोफखान्याचे काम शिकवत बसण्याऐवजी तोफखान्याच्या अधिकाऱ्यालाच विमान चालवायला शिकवा. त्याला छोटे, हलके, शेतात उतरू शकणारे विमान द्या. ते तोफांच्या जवळ, सैन्याच्या तळातच राहील. हे विमान म्हणजे नेहमीचीच ओपी, फक्त काही शे फूट उंच उचललेली.

हवाई दलाला हे पटत नव्हते. लढाऊ विमानांच्या जमान्यात ताशी शंभर-सव्वाशे मैलांच्या विमानाचा शत्रू क्षणात चुराडा करील, असा त्यांचा आक्षेप होता. शिवाय आकाशातले सगळे आपलेच, हा त्यांचा जुना हक्क होता. बेझ्लींचे उत्तर नेमके उलटे होते. विमान हळू आहे म्हणूनच ते वाचेल. ते आपल्याच हद्दीत, झाडांच्या शेंड्यांना लागून उडेल; गरज पडेल तेवढा वेळ वर जाईल, काम करील आणि खाली येईल. वेगवान लढाऊ विमानाला एवढ्या हळू आणि एवढ्या खाली वळणाऱ्या शिकारीवर नेम धरणे अवघड जाईल.

१ फेब्रुवारी १९४० रोजी इंग्लंडमधील ओल्ड सेरम येथे बेझ्ली यांच्या हाताखाली 'डी फ्लाइट' ही प्रायोगिक तुकडी उभी राहिली. एप्रिलमध्ये ती फ्रान्समध्ये गेली; पण जर्मन हल्ल्याने सगळेच उलथून टाकले आणि प्रत्यक्ष लढाईत कस लागण्याआधीच तिला परतावे लागले. त्याच मोहिमेत हवाई दलाने सैन्याच्या मदतीसाठी नेलेल्या लायसँडर या जड, सशस्त्र विमानांपैकी शंभराहून अधिक नष्ट झाली. जुनी पद्धत या युद्धात टिकणार नाही, हे त्या आकड्यानेच सांगितले. १ ऑगस्ट १९४१ रोजी पहिली एअर ऑब्झर्व्हेशन पोस्ट स्क्वॉड्रन, क्रमांक ६५१, उभी राहिली आणि पुढल्या वर्षी उत्तर आफ्रिकेत उतरली. युद्ध संपेपर्यंत ६५१ ते ६६६ अशा १६ स्क्वॉड्रन तयार झाल्या. त्यांतील एक पोलिश आणि तीन कॅनडाच्या सैनिकांच्या होत्या.

दोन दलांचा एक संसार

या स्क्वॉड्रनची रचना लष्करी इतिहासात फार क्वचित आढळते. कागदोपत्री ती रॉयल एअर फोर्सची. विमाने हवाई दलाची, त्यांची देखभाल करणारे मेकॅनिक हवाई दलाचे, कचेरी सांभाळणारा अॅडज्युटंटही हवाई दलाचा. पण वैमानिक सगळे तोफखान्याचे कॅप्टन, त्यांचा प्रमुख तोफखान्याचा मेजर, आणि ट्रक चालवणारे, बिनतारी संच सांभाळणारे जवान लष्कराचे. दोन गणवेश, दोन शिस्ती आणि दोन पगारपत्रके एकाच तंबूत नांदत.

स्क्वॉड्रनच्या तीन फ्लाइट आणि प्रत्येक फ्लाइटचे काही सेक्शन असत. सेक्शन म्हणजे एक विमान, एक वैमानिक, दोन मेकॅनिक, दोन-चार जवान आणि त्यांची गाडी. हा लहानसा जथा तोफखान्याच्या रेजिमेंटबरोबर फिरे, शेताच्या बांधाशी किंवा झाडीच्या कडेला विमान लपवी आणि तिथेच राहत असे. विमानतळाची त्याला गरजच नव्हती. दीड-दोनशे मीटरची बऱ्यापैकी सपाट पट्टी मिळाली की काम भागे. पट्टीसाठी जागा वैमानिक स्वतःच शोधत.

विमान होते ऑस्टर. लेस्टरजवळच्या कारखान्यात, मूळ अमेरिकन टेलरक्राफ्ट विमानाच्या आराखड्यावरून ते तयार होई. पंख माथ्यावर असल्याने खालचे दृश्य मोकळे दिसे. एखादी नळी वाकली, कापड फाटले, तर मेकॅनिक झाडाखालीच दुरुस्ती करीत.

नेम कसा लागे

वैमानिकाचे खरे कौशल्य लक्ष्य दिसल्यानंतर सुरू होई. समजा, त्याला एका ओढ्याच्या वळणावर शत्रूची तोफ दिसली. तो नकाशावरून त्या जागेचे अंक बिनतारी संचावर सांगे आणि आधी एक-दोन तोफांनाच गोळा टाकायला लावी. त्या काळची ब्रिटिश व भारतीय तोफखान्याची मुख्य तोफ म्हणजे २५ पौंडी. तिचा गोळा सुमारे ११.३ किलो वजनाचा आणि पल्ला १३,४०० यार्ड, म्हणजे १२ किलोमीटरहून थोडा अधिक.

तोफ उडताच खालून 'शॉट' असा शब्द येई. दूरच्या लक्ष्यावर गोळा पोहोचायला वीस-तीस सेकंद लागत. तेवढ्या अवधीत वैमानिकाला विमान वळवून, पंख कलवून, नेमक्या क्षणी लक्ष्य आपल्या नजरेसमोर आणावे लागे. आधी वळला तर लक्ष्य मागे जाई. उशीर झाला तर धूर विरून जाई. तोफेपासून लक्ष्यापर्यंतची रेषा त्याला सतत मनात धरावी लागे, कारण उजवे-डावे, पुढे-मागे हे सगळे त्या रेषेवरून मोजायचे. स्वतःचे विमान मात्र कोणत्याही दिशेला तोंड करून असे.

पहिला गोळा लक्ष्याच्या पलीकडे पडला, तर तो '४०० कमी' असे सांगे. दुसरा अलीकडे पडला की लक्ष्य त्या दोहोंच्या मध्ये आहे हे पक्के झाले. मग २००, मग १००, असे अंतर निम्मे-निम्मे करीत तो लक्ष्याला चिमटीत पकडे. नेम जुळला की सगळ्या तोफांना एकदम मारा करण्याचा हुकूम देई.

हुकूम हाच या सगळ्याचा गाभा होता. वैमानिक विनंती करत नसे, सूचना देत नसे. तो तोफखान्याचाच अधिकारी असल्याने थेट आज्ञा देई. ब्रिटिश तोफखान्याने यासाठी सांकेतिक शब्द ठरवले होते. 'माइक टार्गेट' म्हटले की सगळी रेजिमेंट, म्हणजे साधारण २४ तोफा, एकाच जागी मारा करीत. 'अंकल टार्गेट' म्हटले की सगळ्या डिव्हिजनच्या तोफा. 'व्हिक्टर टार्गेट' म्हणजे पूर्ण कोअरच्या. कापडी विमानात एकटा बसलेला सव्वीस-सत्तावीस वर्षांचा कॅप्टन एका वाक्यात शेकडो तोफांची तोंडे वळवू शके. इतक्या कनिष्ठ अधिकाऱ्याच्या हाती इतके सामर्थ्य त्या काळच्या सैन्यात क्वचितच दुसरीकडे दिले गेले असेल.

देवळाली ते आराकान

६५६ स्क्वॉड्रन ३१ डिसेंबर १९४२ रोजी इंग्लंडच्या सफोक परगण्यात वेस्टली येथे उभी राहिली. तिचे पहिले प्रमुख मेजर डेनिस कॉइल. ब्रह्मदेशची सगळी मोहीम त्यांच्याच हाताखाली झाली. ऑगस्ट १९४३ मध्ये स्क्वॉड्रन जहाजाने निघाली आणि मुंबईला उतरून देवळालीला आली.

देवळालीच का, याला सबळ कारण होते. भारतातील तोफखान्याची प्रशिक्षण शाळा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काकुलहून इथे हलवण्यात आली होती. नाशिकच्या दक्षिणेकडचा हा उघडा, खडकाळ मुलूख, सह्याद्रीचे फाटे आणि मधल्या दऱ्या तोफांच्या सरावासाठी सोयीच्या. बहुला किल्ला आजही याच सराव क्षेत्रात येतो, त्यामुळे तिथे जायला लष्कराची परवानगी लागते. युरोपच्या सपाट शेतांवर शिकलेल्या वैमानिकांना डोंगराळ मुलखावर, प्रखर उन्हात, तापलेल्या हवेच्या झोतांत विमान सांभाळायचे होते. त्यांना ज्यांच्याबरोबर लढायचे होते, त्या भारतीय सैन्याच्या तोफखान्याची पद्धतही इथेच समजून घ्यायची होती.

१९४४ च्या सुरुवातीला स्क्वॉड्रन ब्रह्मदेशातील आराकानात पोहोचली. फेब्रुवारीत जपान्यांनी मोठा हल्ला चढवला आणि सातवी भारतीय डिव्हिजन सिंझवेया येथे वेढली गेली. 'अॅडमिन बॉक्स' या नावाने ओळखली जाणारी ती लढाई जवळजवळ तीन आठवडे चालली. वेढ्यातल्या सैन्याला रसद हवेतून मिळाली आणि चौदाव्या सेनेने प्रथमच माघार न घेता जपानी हल्ला मोडून काढला. पाठोपाठ इंफाळ आणि कोहिमाच्या लढाया पेटल्या. एका स्क्वॉड्रनच्या तीन फ्लाइट शेकडो किलोमीटरवर पसरलेल्या आघाडीवर वेगवेगळ्या कोअरना वाटून दिल्या गेल्या.

ब्रह्मदेशात पुस्तकातले बरेच नियम बाजूला ठेवावे लागले. युरोपात वैमानिकाने आपल्या हद्दीतूनच पाहावे असा दंडक होता. इथे घनदाट जंगलात दुरून काहीच दिसत नसे. जपानी सैनिक लपण्यात तरबेज. त्यांचे बंकर मातीत आणि लाकडात असे मिसळलेले, की थेट माथ्यावर गेल्याशिवाय चाहूल लागायची नाही. म्हणून वैमानिक शत्रूच्या डोक्यावरून फिरू लागले. गोळ्याचा धूर झाडांच्या छतात अडकून पसरे, म्हणून खरा स्फोट नेमका कुठे झाला हे ओळखायला निराळीच नजर लागे. सकाळी दऱ्या धुक्याने भरलेल्या, दुपारनंतर ढगांचे डोंगर आणि पावसाळ्यात उतरण्याच्या पट्ट्यांचा निव्वळ चिखल. इंजिन बंद पडले तर खाली उतरायला शेत नाही, नुसता झाडोरा.

जेवढे सैन्य पुढे सरकले, तेवढी कामेही वाढली. टेहळणी, छायाचित्रे, पुढच्या तुकड्यांना निरोप व नकाशे पोहोचवणे, जखमींना मागे आणणे, सेनाधिकाऱ्यांना आघाडी दाखवणे, हे सगळे याच विमानांवर पडले. रस्त्याने दिवस लागेल तो प्रवास ऑस्टरने तासाभरात होई. या स्क्वॉड्रनमधील एक वैमानिक कॅप्टन टेड मॅस्लेन-जोन्स यांना मिलिटरी क्रॉस आणि डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस ही दोन्ही शौर्यपदके मिळाली. पहिले पदक जमिनीवरच्या लढाईतील शौर्याचे, दुसरे हवाई शौर्याचे. एकाच माणसाच्या छातीवरची ती जोडी या पथकाच्या कामाचे स्वरूप सांगून जाते. पुढे त्यांनी आपल्या आठवणी 'फायर बाय ऑर्डर' या पुस्तकात लिहिल्या.

१९४५ च्या सुरुवातीला सैन्याने एक किलोमीटरहून रुंद इरावती ओलांडली. आता जंगल मागे पडून मध्य ब्रह्मदेशचा कोरडा, मोकळा प्रदेश लागला. इथे तोफांना आणि रणगाड्यांना वाव होता आणि वरच्या डोळ्यालाही. मार्चमध्ये मेइक्तिला व मंडाले पडले, मे महिन्याच्या सुरुवातीला रंगून हाती आले. सप्टेंबरमध्ये मलायात सैन्य उतरले, तेव्हा स्क्वॉड्रनची ऑस्टर विमाने विमानवाहू नौकेवरून उडून किनाऱ्यावर गेली. त्यानंतर जावा. जपान शरण आला होता. पण इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यसैनिकांशी संघर्ष पेटला होता. ज्या बेटावरील सुराबाया शहरात तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीच्या दोन पलटणी अडकल्या, त्याच जावा बेटावर ६५६ च्या वैमानिकांनीही काम केले.

तोफांवाचून टेहळणी

जानेवारी १९४७ मध्ये ६५६ विसर्जित झाली, पण ते फार काळ टिकले नाही. मलायात कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्ध आणीबाणी जाहीर झाली आणि जून १९४८ मध्ये स्क्वॉड्रन पुन्हा उभी राहिली. या युद्धात तोफांना फारसे काम नव्हते. गनिमी टोळ्या जंगलात लपत आणि रताळी, टॅपिओका लावून पोट भरत. ऑस्टरचे वैमानिक आपापल्या भागावरून रोज फिरत. कालपर्यंत सलग असलेल्या हिरव्या छतात आज एखादे लहानसे मोकळे खाचर दिसले, धुराची बारीक रेघ दिसली, की ती नकाशावर टिपली जाई. तीच जमीन रोज पाहणाऱ्या माणसाला जो बदल दिसतो, तो एकदाच भरधाव निघून जाणाऱ्याला दिसत नाही. बेझ्लींनी हळू विमानाचा आग्रह धरला होता तो तोफांसाठी. त्याचा लाभ असा तोफांवाचूनही झाला.

१ सप्टेंबर १९५७ रोजी ब्रिटनने आर्मी एअर कोअर स्थापन केली आणि दोन दलांचा तो संसार संपला. विमाने, वैमानिक आणि मेकॅनिक, सगळे लष्कराचे झाले. ऑस्टरची जागा हळूहळू हेलिकॉप्टरांनी घेतली. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ६५६ कडे स्काउट आणि गझेल हेलिकॉप्टरे होती. ५-६ जूनच्या रात्री तिचे एक गझेल ब्रिटिश युद्धनौका कार्डिफनेच शत्रूचे समजून पाडले आणि आतील चौघेही मारले गेले. १४ जूनला तीन स्काउटांनी अर्जेंटिनाच्या तोफांवर क्षेपणास्त्रे डागली. त्यांतले एक ६५६ चे होते. चाळीस वर्षे तोफांना लक्ष्य दाखवणारे पथक आता स्वतःच तोफांचा नाश करू लागले होते.

२००४ मध्ये ६५६ ही ब्रिटनची पहिली सज्ज अपाचे हेलिकॉप्टर स्क्वॉड्रन ठरली. पुढे ती अफगाणिस्तानात हेल्मंद प्रांतात लढली. जानेवारी २००७ मध्ये जुगरूम किल्ल्याजवळ मागे राहिलेल्या आपल्या सैनिकाला आणण्यासाठी तिच्या अपाचेंनी रॉयल मरीन जवानांना बाहेरच्या बाजूला पट्ट्यांनी बांधून नेले होते. २०११ मध्ये लिबियाच्या मोहिमेत तिने युद्धनौकेवरून उड्डाणे केली. कापडी ऑस्टरपासून क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या अपाचेपर्यंतचा हा प्रवास एकाच क्रमांकाखाली झाला आहे.

नाशिकपर्यंत आलेली शाखा

या कुटुंबाची एक शाखा भारतात वाढली. ६५९ स्क्वॉड्रन नॉर्मंडीपासून जर्मनीपर्यंत लढून १९४५ च्या अखेरीस भारतात आली होती. फाळणीच्या वेळी ती विसर्जित होऊन तिचे सामान भारत आणि पाकिस्तानात विभागले गेले आणि भारतीय तोफखान्याची पहिली एअर ओपी फ्लाइट जन्माला आली. लगोलग काश्मीरचे युद्ध सुरू झाले आणि ऑस्टर पुन्हा कामाला लागली. पुढे याच कामासाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचे 'कृषक' हे विमान आले. त्याचे पहिले उड्डाण १९५९ मध्ये झाले.

५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी राजस्थानातील लोंगेवाला येथे मेजर कुलदीपसिंग चांदपुरी यांची २३ पंजाबची कंपनी पाकिस्तानी रणगाड्यांसमोर उभी होती. जैसलमेरहून हंटर विमाने आली, तेव्हा त्यांना वाळवंटातील रणगाडे दाखवून देण्याचे काम मेजर आत्मा सिंग या एअर ओपी वैमानिकाने कृषकमधून केले. त्यांना वीरचक्र मिळाले. तोफांचा नेम जुळवणारी नजर विमानांचाही नेम जुळवू शकते, हे त्या दिवशी दिसले.

१ नोव्हेंबर १९८६ रोजी भारतातही आर्मी एव्हिएशन कोअर तोफखान्यातून वेगळी झाली. तिच्या अनेक स्क्वॉड्रनचे क्रमांक आजही जुन्याच मालिकेतले आहेत, ६५९ पासून ६६६ पर्यंत. सियाचिनच्या उंचीवर चीता हेलिकॉप्टर उडवणारी पथके आणि १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर तोफांना लक्ष्ये दाखवणारे वैमानिक याच परंपरेतले. या वैमानिकांचे प्रशिक्षण नाशिकच्या गांधीनगर येथील कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूलमध्ये होते. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांना तिथेच 'विंग्ज' मिळाले आणि त्या भारतीय लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या. जुलै २०२५ मध्ये भारतीय लष्कराची पहिली तीन अपाचेही दाखल झाली. ६५६ ने देवळालीला येऊन सराव केला त्याला तेव्हा ८० हून अधिक वर्षे झाली होती.

डोळा आणि अधिकार

आज तोफांसाठी पाहण्याचे काम मोठ्या प्रमाणावर ड्रोन करतात. पहिल्या महायुद्धात जे मोर्सच्या टिंब-रेघांनी कळे, ते आता पडद्यावर चालत्या चित्रात दिसते. माणसाला जिवाचा धोका पत्करून वर जावे लागत नाही, ही मोठीच प्रगती. ऑस्टरचे काम मात्र त्यामुळे जुने झालेले नाही. अलीकडच्या युद्धांत ज्या तोफखान्यांनी ड्रोन थेट तोफांच्या तुकडीच्या हाती दिले, त्यांचा गोळा दिसलेल्या लक्ष्यावर काही मिनिटांत पडतो. जिथे चित्र आधी वरच्या कचेरीत आणि हुकूम नंतर खाली येतो, तिथे तोवर लक्ष्य निघून गेलेले असते.

बेझ्ली यांनी १९३० च्या दशकात नेमके हेच ओळखले होते. त्यांचा वाद वरवर विमानाच्या वेगाचा होता, पण खरा प्रश्न अधिकाराचा होता. ज्याला दिसते त्याच्याच हाती हुकूम असावा आणि ज्याच्या हाती हुकूम आहे त्याला ते काम मुळापासून कळत असावे. ६५६ स्क्वॉड्रनने ब्रह्मदेशात मोजकी कापडी विमाने घेऊन तीन कोअरच्या तोफांना वळण लावले ते या एका व्यवस्थेच्या बळावर. तिची विमाने, इंजिने, नावे आणि गणवेश बदलत गेले. हे तत्त्व मात्र बदलले नाही.